गव्हाच्या डब्यातला कॉम्प्युटर

मी आणि माझ्या बायकोने मिळून केलेलं शेवटचं साधं काम म्हणजे वर्षाच्या गव्हाला एरंडेल लावणं. गच्चीवर जुनी सतरंजी टाकून तिच्यावर गहू पसरले होते. ती एका बाजूला, मी दुसऱ्या बाजूला. तेलाची वाटी तिच्याकडे. मी हात पुढे केला की ती चमचाभर तेल तळव्यावर ओतायची आणि मी ते गव्हाला चोळायचो.

"अहो, चोळा जरा. कुरवाळताय काय? गहू आहे, नातू नाही."

"उभा जन्म दळण दळलं मी. मला गहू शिकवते का?"

"दळलं तुम्ही, पण साठवले मी. तुम्ही त्यांचं पीठच बघितलं फक्त."

हे खरं होतं. देवळाली कॅम्पात बाजाराच्या मागच्या गल्लीत माझी पिठाची गिरणी होती. गुडघे गेले तेव्हा विकली. शाळा चौथीपर्यंत झाली, त्यामुळे लिहिण्यात काही वेडंवाकडं वाटलं तर तसंच वाचा.

उन्हं उतरल्यावर गहू कोठीत भरले. थोडे उरले ते एका जुन्या पत्र्याच्या डब्यात घातले. लोक दळणाला आणतात तसला डबा, चौकोनी, वर गोल झाकण. तिने त्यात कडुनिंबाचा पाला टाकला आणि म्हणाली, "हे आधी संपवू."

दुसऱ्या दिवशी सकाळी ती स्वयंपाकघरात खाली बसली आणि तिला उठता येईना. मेंदूत रक्त साकळलं होतं. दवाखान्यात ठेवली, काही दिवसांनी तिथेच गेली. तेराव्याच्या जेवणाला कोठीतले गहू उपसले. पाहुणे खूप होते. डबा तेवढा राहिला, कारण दवाखान्याच्या गडबडीत कुणीतरी तो माळ्यावर टाकला होता आणि कुणाच्या लक्षात आला नाही.

मुलगा आला होता. सगळे विधी उरकून तो बंगलोरला परत गेला. एकुलता एक. आमचं बापलेकाचं भांडण कधी नव्हतं, पण बोलणंही नव्हतं. फोन यायचा तो तिला. तिचं झालं की ती फोन माझ्या कानाशी धरायची, "घ्या, बोला त्याच्याशी." मी विचारायचो, जेवला का. तो म्हणायचा, जेवलो. मी म्हणायचो, बरं. आणि फोन परत तिच्याकडे. ती गेल्यावर तो दर रविवारी मला फोन करायला लागला. जेवला का, जेवलो, बरं. पुढे फोन द्यायला कोणी नाही, म्हणून दोघेही नुसता कानाला लावून बसायचो. त्याच्याकडच्या पंख्याचा आवाज मला यायचा.

एकदा फोन मधल्या वारी आला. मी आधी घाबरलोच.

"नाना, माझा जुना कॉम्प्युटर आहे ना तिथे?"

"हाय की. कोपऱ्यात झाकून ठेवलाय."

"त्यातले काही पार्ट पाहिजेत. अर्जंट आहे."

त्याचं काम म्हणजे जाहिरातीतली चित्रं कॉम्प्युटरवर हलती करायची. मी समजत होतो तो कंपनीत आहे. त्या दिवशी कळलं, की कंपनीने त्याला कधीच काढलं होतं आणि तो घरी बसून मिळेल ते काम करत होता. बऱ्याच दिवसांनी एक मोठं काम हाती आलं होतं. सोमवारी दुपारपर्यंत पुरं करून द्यायचं होतं. नाही दिलं तर हे काम तर जाणारच, त्या माणसांकडून पुढचंही मिळणार नव्हतं. आणि त्याच्याकडे वीज कमी-जास्त होऊन मशीन जळालं. आतलं कार्ड गेलं आणि वीज पुरवणारा डबा गेला. नवीन घ्यायची त्याची ऐपत नव्हती, हे त्याने सांगितलं नाही, पण मला कळलं.

"नोकरीचं मला बोलला नाहीस."

"आईला माहीत होतं."

मी म्हणालो, "कुरिअर करू का?"

"कुरिअरवाले आपटतात. आणि वेळेत येईल याचा भरवसा नाही." मग म्हणाला, "तुम्ही घेऊन याल? शनिवारचं तिकीट काढतो विमानाचं."

मी विमानात कधी बसलो नव्हतो. पण पोराने माझ्याकडे काही मागितलं, असंही कधी झालं नव्हतं. त्याला लागेल ते तो आईकडे मागायचा आणि आई मला सांगायची. मी लगेच म्हणालो, "येतो." थांबलो असतो तर नाही म्हणालो असतो.

त्याच संध्याकाळी त्याने व्हिडिओ लावला. फोन मी तांब्याला टेकवून उभा केला आणि पेचकस घेऊन जमिनीवर बसलो. गिरणीच्या दगडांना छिन्नीने टाकी लावायची, पट्टा बदलायचा, हे हातचं काम होतं. पण इथले स्क्रू मुगाएवढे.

"नाना, आधी लोखंडाला हात लावा. अंगातली वीज उतरते."

"माझ्या अंगात कुठं वीज राहिली आता."

"लावा तर."

झाकण निघालं. आत धूळ होती आणि धुळीत लाल लाल दाणे.

"ते काय आहे?"

मी एक दाणा चिमटीत धरून फोनसमोर नेला. "तांदूळ. अक्षता आहेत. तुझी आई दर दसऱ्याला याची पूजा करायची ना. वरच्या जाळीतून पडल्या असतील आत."

 फोनमध्ये त्याचं नुसतं कपाळ दिसत होतं. मी दाणे फुंकायला वाकलो, तेव्हा म्हणाला, "फुंकर नको, नाना. थुंकी उडते. ब्रश घ्या."

दाढीचा ब्रश कोरडा होता, तोच घेतला.

कार्ड म्हणजे विटेएवढी वस्तू, तिला दोन पंखे आणि काठाला सोनेरी दात. त्या दातांना बोट लावायचं नव्हतं. वीज पुरवणारा डबा चांगला जड, त्यालाही पंखा आणि एका बाजूने वायरींचा मोठा झुपका. शिवाय फुटपट्टीच्या तुकड्यांसारख्या दोन पट्ट्या. सगळं पाटावर मांडलं.

"कशात भरू?"

"मऊ कशात तरी. हलता कामा नये, दाबलं जाता कामा नये, दमट नको. आणि हातातच ठेवा. खाली सामानात द्यायचं नाही."

हलायला नको, दबायला नको, दमट नको. हे ऐकल्यावर माझ्यासारख्याला एकच गोष्ट सुचते. लहानपणी देवळ्याहून मामा यायचा तेव्हा अंडी बाजरीत पुरून आणायचा. कंदिलाच्या काचा, आईच्या बांगड्या, सगळं धान्यातून यायचं. बैलगाडीत हाडं खिळखिळी व्हायची, पण काचेला चरा जात नसे. धान्य वस्तूला चारी बाजूंनी धरतं.

माळ्यावरचा डबा काढला. तोवर मी त्याला हात लावला नव्हता. एकट्याने काय संपवायचं. पण तिने निवडलेल्या, तेल लावलेल्या त्या गव्हांपेक्षा कोरडं आणि स्वच्छ असं घरात दुसरं काही नव्हतं. शिवाय पोराला आईच्या हातच्या गव्हाची पोळी मिळेल, हेही मनात होतं. दुधाच्या पिशव्या धुऊन वाळवल्या, एकेका पिशवीत एकेक वस्तू घातली, सुतळीने तोंडं बांधली. खाली गव्हाचा थर, वर कार्ड, परत गहू, मग तो जड डबा, परत गहू. झाकण लावून हलवून बघितलं. आवाज नाही. मला फार बरं वाटलं. पोराला फोनवर मी "व्यवस्थित भरलंय" एवढंच सांगितलं. कशात ते त्याने विचारलं नाही.

शनिवारी गाडी आली तेव्हा शेजारीण दारात उभी होती.

"नाना, विमानात दळण नेताय का?"

"कॉम्प्युटर नेतोय."

"आं?"

"वर गहू आहे, आत कॉम्प्युटर."

तिने डब्याकडे बघितलं, मग माझ्याकडे. "बरं, जपून जा हं," म्हणाली. माणूस भ्रमला की बोलतात तशी.

ओझरच्या विमानतळावर काउंटरवरच्या पोराने डबा वजनाला लावला. घरी ठेवलेल्या गिरणीच्या जुन्या काट्यावर बघूनच भरला होता, तिथे अडलं नाही. "बाबा, खाली द्या ना, जड आहे." मी म्हणालो, "हातातच." त्याने तिकीट दिलं आणि तपासणीकडे बोट दाखवलं.

तिथे चपला काढायला लावल्या, फोन ट्रेमध्ये ठेवायला लावला. डबा पट्ट्यावर ठेवला. गिरणीचा पट्टा आयुष्यभर बघितला, पण हा सामान घेऊन एका काळ्या पेटीत शिरत होता. माझं अंग तपासून मला पलीकडे सोडलं. मी उभा राहिलो. फोन आला, चपला आल्या, डबा काही येईना.

पट्टा थांबला होता. पडद्यासमोर बसलेली बाई पुढे वाकली. तिने पट्टा मागे घेतला, परत पुढे घेतला. मग हात वर करून कुणाला तरी बोलावलं. दोघेजण आले, तिघेही पडद्याकडे बघत उभे.  त्यातला एक पलीकडे गेला आणि माझ्या मागे रांगेत असलेल्या माणसांना म्हणाला, "पीछे हो जाइए." माणसं मागे सरली. एका बाईने पोराला उचलून घेतलं.



"ये डिब्बा किसका है?"

"माझा."

"इसमें क्या है?"

"गेहूँ."

"और?"

"कॉम्प्युटर."

रांगेतला एकजण हसला. विचारणारा हसला नाही. वयाने पन्नाशीचा, मिशा पिकलेल्या, साहेब तोच असावा. "बाबा, यहाँ मज़ाक नहीं करते."

"मज़ाक नाही करत, साहेब. खरंच कॉम्प्युटर आहे. गव्हात."

पडद्यावर काय दिसत होतं ते नंतर मला मुलाने समजावलं. पत्र्याचा डबा, त्यात दाट भरलेलं काहीतरी, आणि त्याच्या मधोमध पंखे आणि वायरींचा झुपका. आता विचार केला तर मीही मागे सरलो असतो.

पडद्यावरची बाई उठून माझ्याजवळ आली. आपल्याकडचीच, बोलण्यात सटाणा बाजूची वाटली. हळू आवाजात म्हणाली, "बाबा, हलू नका. हात समोर ठेवा. डब्याला हात लावायचा नाही."

"का, काय झालं?"

"ठेवा हात समोर. मी सांगते म्हणून ठेवा."

मी हात पोटासमोर धरून उभा राहिलो, पूजेला बसल्यासारखा. एकाने हातमोजे घातले, झाकण उघडलं. कडुनिंबाचा वाळलेला पाला बाहेर पडला. कांडीला पांढरी पट्टी लावून त्याने डब्याच्या कडा पुसल्या, गव्हाचा वरचा थर पुसला, पट्टी बाजूच्या यंत्रात घातली. यंत्राने काहीतरी दाखवलं. काय ते मला सांगितलं नाही, पण त्याने साहेबाकडे बघितलं आणि दुसरी पट्टी घेतली. एरंडेलामुळे असेल, दुसऱ्या कशामुळे असेल, मला आजही ठाऊक नाही.

"पैक किसने किया?"

"मी."

"किसी ने दिया है? किसी ने बोला ले जाने को?"

"मुलाने."

हे बोललो आणि चेहरे आणखी बदलले. मला वाटलं खरं सांगतोय, पण प्रत्येक खरं उत्तर मला खोल नेत होतं.

"बेटा कहाँ है?"

"बंगलोरला. तिकडे वाट बघतोय."

"गेहूँ में क्यों रखा?"

हे हिंदीत कसं सांगायचं? अंडी, बाजरी, मामा, बैलगाडी. मी म्हणालो, "हिलना नहीं चाहिए इसलिए." तो माझ्याकडे बघतच राहिला. मग सटाण्याच्या बाईने त्याला सांगितलं, "सर, गाँव में ऐसे ही रखते हैं. अंडा-वंडा, काँच का सामान." तिच्याकडे त्याने बघितलं नाही, पण ऐकलं.

मागे रांग वाढत होती. एक जाकीटवाला मोठ्याने म्हणाला, "एका माणसासाठी सगळ्यांना किती वेळ उभं करणार?" एक बाई मला ऐकू येईल अशी म्हणाली, "काका, गहू बंगलोरलाही मिळतात हो."

"मिळू द्या," मी म्हणालो.

साहेबाने मला मुलाचा नंबर लावायला सांगितला आणि फोन आपल्या हातात घेतला. आवाज मोठा केला. पोराने उचलला आणि म्हणाला, "नाना, बसलात का?"

"आप इनके बेटे हैं? इनके सामान में क्या है?"

पोराचा आवाज एकदम बारीक झाला. कार्डाचं नाव सांगितलं, पट्ट्यांचं सांगितलं, वीज पुरवणाऱ्या डब्याचं सांगितलं, आपण काय काम करतो ते सांगितलं. साहेब म्हणाला, "ये सब गेहूँ के अंदर क्यों है?"

"गेहूँ?" तो म्हणाला. "सर, कैसा गेहूँ?"

मी पुढे वाकून म्हणालो, "अरे, हलू नये म्हणून. तूच म्हणाला होतास."

"नाना, मी गव्हात म्हणालो होतो का?" मग त्याचा श्वास ऐकू आला. "सर, आप पार्ट्स रख लीजिए. फेंक दीजिए. उनको आने दीजिए बस. उनकी उमर देखिए, सर."

"काय फेंक दीजिए?" मी म्हणालो. "सोमवारचं काय?"

"राहू द्या सोमवारचं. तुम्ही या."

"काम जाईल तुझं."

"जाऊ द्या, नाना."

"गप बस. तुला काय कळतं."

 साहेबाने फोन बंद करून मला दिला.  पोरगं म्हणत होतं जाऊ द्या, पण त्याचं दुसरं काही उरलं नव्हतं, हे मला माहीत होतं. मला वाटलं, हे सामान इथे राहिलं तर मी बंगलोरला जाऊन करणार काय? जेवला का, विचारणार?

साहेब म्हणाला, "सब निकालना पड़ेगा. एक-एक चीज़ अलग." मोजेवाल्याने कोपऱ्यातली बादली ओढली. तिच्यात लोकांचे लायटर, काडेपेट्या, कात्र्या पडल्या होत्या. तो डबा तिच्यावर वाकडा करायला लागला.

मी डब्यावर हात ठेवला. ठेवू नको सांगितलं होतं तरी ठेवला. "इसमें नहीं."

"बाबा, हाथ हटाओ. गेहूँ ही तो है."

"अन्न आहे."

तो थांबला. साहेबही थांबला. सटाण्याची बाई मधे आली, "सर, ट्रे में निकालते हैं." साहेबाने मान हलवली आणि घड्याळ बघितलं.

मग त्या राखाडी ट्रेमध्ये, जिथे लोक पट्टे आणि पाकिटं ठेवतात, तिथे गहू ओतले. एका ट्रेत मावेनात, आणखी ट्रे घेतले. ढीग झाला की म्हणायचे, पतला करो. मीच तळव्याने पसरले. ती बाई दुसऱ्या बाजूने पसरत होती.  पाला बाजूला काढला, ट्रे पट्ट्यावर ठेवले, आणि गहू एकेका ट्रेने त्या काळ्या पेटीत शिरले. रांगेतली माणसं बूट हातात घेऊन बघत होती. जाकीटवालासुद्धा.

दुधाच्या पिशव्या कात्रीने फाडल्या. कार्ड, पट्ट्या, वायरींचा डबा, सगळं उघडं, एकेका ट्रेत. मोजेवाल्याने सोनेरी दातांवर बोट ठेवलं. मी म्हणालो, "तिथे नका लावू हात." त्याने बोट काढलं. परत पांढऱ्या पट्ट्या, परत यंत्र. या वेळी यंत्र गप्प. साहेब पडद्याजवळ गेला, बराच वेळ उभा राहिला.

तेवढ्यात गळ्यात ओळखपत्र घातलेली एक मुलगी धावत आली. "बंगलोरचे राहिलेले पॅसेंजर तुम्हीच का? काका, गेट बंद होतंय."

साहेब परत आला. "ठीक है. ले जाइए. दोबारा ऐसे मत लाना."

"काका, चला," ती मुलगी म्हणाली. "आत्ता चला नाहीतर राहाल."

टेबलावर गव्हाचे ट्रे ओळीने पडले होते आणि बाजूला रिकामा डबा. भरायचे तर ओंजळीने भरावे लागणार. मी एक ओंजळ घेतलीही. मुलगी म्हणाली, "काका, खरंच वेळ नाही." तिचा काही दोष नव्हता.

मी ओंजळ परत ट्रेत सोडली. खांद्यावरचा पंचा टेबलावर पसरला, सामान त्यात ठेवलं, गाठ मारली. सटाण्याच्या बाईला म्हणालो, "बाई, हे घेऊन जा घरी. दळून खा. माझ्या बायकोने निवडलेत."

"बाबा, प्रवाशाचं आम्हाला काही घेता येत नाही."

"मग कुणाला तरी द्या. पाखरांना घाला. बादलीत टाकू नका एवढंच."

"नाही टाकत," ती म्हणाली. पुढे काय झालं मला माहीत नाही. मागे वळून बघायला वेळ नव्हता, आणि होता तरी मी बघितलं नसतं.

विमानात खिडकी मिळाली होती. खाली काय दिसलं ते मला सांगता येणार नाही. मी गाठोडं मांडीवर धरून बसलो होतो. विमान हललं की त्यातून खळखळ आवाज येत होता. पिशव्या फाडल्यावर ट्रेमधले दाणे कुठेतरी आत शिरले होते. कार्डात की वायरींच्या डब्यात, कळत नव्हतं. हलता कामा नये म्हणून एवढं केलं आणि तेच आता आत हलत होतं.  एवढ्या लांबून मी कदाचित भंगार घेऊन चाललो होतो.

पोरगा बाहेर उभा होता. दाढी वाढलेली, शर्ट चुरगळलेला. पाया पडला. मी गाठोडं पुढे केलं. "आत दाणे गेलेत."

"असू द्या."

त्याची एकच खोली होती. एका भिंतीला टेबल, त्यावर उघडलेलं मशीन. आम्ही चहासुद्धा घेतला नाही. त्याने सगळं बसवलं आणि बटण दाबलं. आतून खर्र असा आवाज आला, गिरणीत खडा आला की येतो तसा. त्याने झटकन बंद केलं. माझ्याकडे बघितलं नाही. वायरींचा डबा काढून उलटा धरला, टिचकी मारली, चार दाणे फरशीवर पडले. परत टिचकी, आणखी एक. मग मोबाईलचा उजेड पाडून चिमट्याने शेवटचा दाणा काढला. तो पंख्याच्या पात्यात अडकून अर्धा झाला होता.

परत बसवलं. बटण दाबलं. पंखे फिरले. पडदा काळाच. तो उभा, मी उभा. बराच वेळ काळा राहिला आणि मग उजळला.

"आलं," तो म्हणाला.

मला वाटलं तो खाली बसेल, निदान माझ्याशी काही बोलेल. त्याने आधी आपलं काम उघडलं. मला ते आवडलं.

नंतर त्याने मला समजावलं. चित्रं एकामागून एक तयार होतात, फार वेळ लागतो, पडद्यावर एक आकडा शंभरापर्यंत चढत जातो. मधे काही थांबलं तर सगळं परत. जुन्या कार्डावर उद्या रात्रीपर्यंत चालेल. त्याच्या पाठीमागे कॉटवर बसून मी ऐकत होतो. मग तो म्हणाला, "तुमचं परतीचं तिकीट उद्या सकाळचं आहे. तुम्हाला इथे करमणार नाही म्हणून तसंच काढलं."

"बरं," मी म्हणालो.

सकाळी जाग आली तेव्हा तो टेबलाजवळ खालीच झोपलेला होता, हाताची उशी करून. मशीन चालू होतं. मी आंघोळ केली, टोपी घातली, पंचा घडी करून पिशवीत ठेवला. चपला दाराशी आणून ठेवल्या. मग आकडा बघावा म्हणून स्टूल ओढून मशीनसमोर बसलो. आकडा चढतोय की नाही, पटकन कळत नव्हतं. बराच वेळ बघत राहिलं की कळायचं.

त्याचा फोन वाजला. त्याची झोप मोडू नये म्हणून मी टेबलावरून झटकन उचलला.

"सर, एअरपोर्ट? नीचे खड़ा हूँ." टॅक्सीवाला होता.

"खड़े मत रहो," मी हळू आवाजात म्हणालो. "जाओ."

"सर, आपकी बुकिंग है."

"नाही येत आज. मशीन चालू आहे."

त्याला काय कळलं कुणास ठाऊक. मी फोन बंद करून कॉटवर टाकला, टोपी काढून ठेवली आणि परत स्टूलावर बसलो. आकड्याला शंभर गाठायला अजून खूप वेळ होता.